प्लास्टिकचे कूळ

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर प्लास्टिक दोन वाटांनी आले. पहिली वाट मासेमारीची. पूर्वी ताग, अंबाडी आणि सुताची जाळी असत. ती टिकावीत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत. तरीही काही हंगामांनंतर ती कुजून मातीला मिळत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आले आणि जाळे कुजायचे थांबले. दुसरी वाट कारखान्याची. १९९४ साली रत्नागिरीजवळ गोळप-रनपार परिसरात फिनोलेक्सचा पीव्हीसी प्रकल्प सुरू झाला. तंत्रज्ञान जर्मनीतील हेक्स्ट कंपनीचे आणि कच्चा माल समुद्रमार्गे येणारा. जुन्या प्लास्टिकला मोल कशाने येते, हे या दोन वाटा शेजारी ठेवून पाहिले की समजते.

पाइपच्या कारखान्यात यंत्र सुरू करताना किंवा माप चुकल्यामुळे काही माल बाद होतो. तो दळून पुन्हा वापरता येतो. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपांसाठी आयएस ४९८५ हे भारतीय मानक आहे. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत उत्पादकाला स्वतःच्याच पाइपांचा असा माल १० टक्क्यांपर्यंत मिसळण्याची मुभा होती. बाहेरचा मात्र अजिबात नाही. बाहेरच्या जुन्या पाइपात शिशाची संयुगे असू शकतात, कारण आपल्याकडे पीव्हीसी स्थिर राखण्यासाठी ती दीर्घकाळ वापरली गेली. दोन्ही तुकडे पीव्हीसीचेच, पण एकाचा पूर्वेतिहास कारखान्याला ठाऊक असतो आणि दुसऱ्याचा नसतो.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपण म्हणतो. भंगाराच्या धंद्यात मात्र कूळ विचारल्यावाचून भाव ठरत नाही. मिरकरवाडा बंदरातले जुने जाळे घ्या. जाळे नायलॉनचे किंवा पॉलिथिनचे, दोर पॉलिप्रॉपिलिनचा, खाली शिशाच्या गोळ्या, वर तरंगते बोये, आणि या साऱ्यावर मीठ-वाळू. गोड्या पाण्यात टाकले तर नायलॉन बुडते, पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिन तरंगतात. एवढी निवड पाणी करते. पुढची हातानेच करावी लागते. पाण्याची बाटली आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. पण बाटलीचे प्लास्टिक सुमारे २५० अंशांच्या पुढे वितळते आणि तोवर पीव्हीसी विघटित होऊन त्यातून आम्लवायू सुटतो. थोडीशी भेसळही साऱ्या मालाची प्रत घालवते. निवडलेले नायलॉन-६ मात्र रासायनिक प्रक्रियेने मूळ कॅप्रोलॅक्टमपर्यंत परत नेता येते आणि त्यातून नव्यासारखा धागा निघतो.

आपल्याकडे ही निवड करणाऱ्यांचा इतिहास प्लास्टिकपेक्षा जुना आहे. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. भंगाराची जुनी तिन्ही नावे त्यात आहेत, प्लास्टिक नाही. सहाच वर्षांनी, १९९९ मध्ये, केंद्राने खास पुनर्वापरित प्लास्टिकसाठी नियम केले. नव्या प्लास्टिकच्या पिशवीला किमान २० मायक्रॉन जाडी आणि पुनर्वापरिताच्या पिशवीला २५. पुनर्वापरित पिशवीतून खाद्यपदार्थ देण्यास मनाई. सरकारलाही प्रश्न कुळाचाच पडला होता. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. मग २०२२ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी दिशा पालटली: टणक वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक असावे, असे उद्दिष्ट उत्पादकांपुढे ठेवले. ज्या मालाला अन्नापासून दूर ठेवले होते, त्याचीच मागणी आता कायद्याने निर्माण होऊ लागली.

पण या मागणीचा पैसा कोणापर्यंत पोहोचतो? नव्या प्लास्टिकचा भाव खनिज तेलाच्या मागे जातो. तेल उतरले की नवे दाणे स्वस्त होतात, आणि जुन्या मालाचे दाणे त्याहून स्वस्त असल्याशिवाय सहसा खपत नाहीत. धुणे, दळणे, वाहतूक यांचा खर्च मात्र उतरत नाही. कोकणातून घाट चढणाऱ्या ट्रकमध्ये रिकाम्या बाटल्या भरल्या तर मालापेक्षा हवाच अधिक जाते. साऱ्या साखळीत ज्याचा दर सहज पाडता येतो तो एकच घटक उरतो: उचलणाऱ्याची आणि निवडणाऱ्याची मजुरी.

खरे तर जुन्या प्लास्टिकला मोल येते ते याच टप्प्यावर. कारखान्याला आपल्या बाद मालाचे कूळ फुकट कळते. बंदरावरच्या ढिगाचे कूळ कोणीतरी उन्हात बसून, एकेक दोरा सोडवून ठरवते, आणि त्यानंतरच तो ढीग कच्चा माल होतो. पुनर्वापराचे हिशेब आज टनांत आणि टक्क्यांत मांडले जातात. त्यात निवडीच्या श्रमाचा किमान दर धरला नाही, तर तेल उतरण्याच्या प्रत्येक वेळी जाळी किनाऱ्यावर पडून राहतील. आणि तागाच्या जाळ्यांप्रमाणे ती मातीला मिळणार नाहीत.