पहिल्या दृश्याची कुळकथा

चित्रपटाचे पहिले दृश्य परिणामकारक कशाने होते, याचा शोध घेऊ लागलो की मूळ कॅमेऱ्याच्याही मागे, सांगलीच्या दरबारापर्यंत जाते. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाचे आगमन, गणपतीचा प्रवेश आणि मागोमाग सरस्वती, एवढा सरंजाम पार पडल्याखेरीज आख्यानाला हात घालायचा नाही, असाच शिरस्ता होता. १८८० साली किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने हा विधी आटोपशीर केला, तरी नांदी आणि सूत्रधार-नटीचा संवाद ठेवलाच. त्यात देवभक्ती होती हे खरे. परंतु संसाराच्या आणि कचेरीच्या विवंचना डोक्यात घेऊन आलेल्या माणसाचे चित्त हलक्या हाताने तेथून सोडवून आणणे, हेही नांदीचे काम होते. आमच्या जांभूळ गावापासून जवळच, अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिवालयात, मंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जावे लागते. त्या पायऱ्यांवरच डोळे अंधाराला सरावतात. नांदीचे प्रयोजन याहून निराळे नव्हते.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटाला नांदी गाता येणे शक्यच नव्हते. 'राजा हरिश्चंद्र'च्या आरंभी राजा आपल्या बाळाला धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी जवळच आहे, एवढेच दिसते. जे सुख पुढे हिरावून घ्यावयाचे, तेच आधी डोळे भरून दाखवावे, ही त्यातील दृष्टी मला असामान्य वाटते. कारण हानीचे मोजमाप करण्यास लागणारे माप प्रेक्षकाच्या हाती तेथेच पडते.

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने नांदीचा वारसा तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीच्या बोधचिन्हाकडे सोपविला. मंगलाचरणाची जबाबदारी अशी परस्पर उतरल्यामुळे पहिले दृश्य कथेसाठी मोकळे झाले, आणि १९३४ च्या 'अमृतमंथना'त शांतारामबापूंनी या मोकळिकीचा पुरेपूर उपयोग केला: चंडिकेच्या उपासकांची गुप्त सभा, मशालींचा चंचल उजेड, राजाच्या वधाचा घाट, आणि दूरवेधी भिंगाने टिपलेला, पडदा व्यापून टाकणारा राजगुरूचा, म्हणजे चंद्रमोहनचा, डोळा. त्या डोळ्यातील क्रौर्य पाहिल्यावर राजगुरूचा परिचय करून देण्यास सूत्रधाराची गरजच उरत नाही.

तथापि माझ्या मते या परंपरेचा परमोत्कर्ष १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये आहे. दामले-फत्तेलालांनी तेथे भीती, रहस्य, वैभव यांपैकी कशाचाही आधार घेतलेला नाही. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम भजनात तल्लीन आहे. आणि लगोलग त्याचा प्रतिस्पर्धी सालोमालो तीच रचना आपली म्हणून, हावभावांचा डामडौल करीत, देवळात गात आहे. शब्द तेच, एकात ते आतून उमटतात, दुसऱ्यात ते लोकांकडे पाहून उच्चारले जातात. कथेतील कलह, दोघांचे स्वभाव आणि भक्ती व तिचे सोंग यांतील अंतर, हे सारे निव्वळ दोन दृश्यांच्या सान्निध्याने सांगून झाले आहे, आणि निवाडा प्रेक्षकाने स्वतःच केला असल्यामुळे पुढे सालोमालोचे कितीही कारस्थान चालले तरी तो त्या निवाड्यावरून ढळत नाही.