विजेचें माप



कापसाच्या गाडीबरोबर बाजारास जाणारा आमच्या फुलसावंगीचा कास्तकार भाव कानानें ऐकतो, परंतु डोळा ठेवतो तो कांट्यावर. भाव चारचौघांत बोलला जातो. माणूस बुडतो तो मापांत. घरोघर नवे वीजमापक, ज्यांस लोक स्मार्ट मीटर म्हणतात, बसविण्याची गोष्ट निघाल्यापासून आमच्याकडील ओसऱ्यांवर हाच कांट्याचा प्रश्न पुनः निघाला आहे. म्हणून विजेच्या मापाचा इतिहास आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

वीज डोळ्यांस दिसत नाहीं, मुठींत धरतां येत नाहीं. मग ती मोजावी कशी? न्यूयॉर्क शहरीं एडिसन यांनीं १८८२ सालीं वीज पुरविण्यास आरंभ केला, त्या काळीं ती अक्षरशः तोलली जात असे. जस्ताच्या क्षाराच्या द्रवांत जस्ताचे दोन पत्रे बुडवून ठेवावयाचे. प्रवाह वाहूं लागला म्हणजे एका पत्र्याचें जस्त झिजून दुसऱ्यावर बसे. महिनाअखेर माणूस येई, पत्रे काढून नेई आणि त्यांच्या वजनावरून बिल ठरे. थंडीनें द्रव गोठूं नये म्हणून त्या पेटींत एक लहानसा दिवाही ठेवीत! युक्ति नामी खरी. परंतु गिऱ्हाइकास यांत कांहींच दिसत नसे. तोलणारा सांगेल तें खरें.

१८८९ सालीं बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यांतील ओटो ब्लाथी यांनीं चुंबकाच्या योगें फिरणाऱ्या चकतीचा मापक पुढें आणला. कांचेआडची ती चकती आपणां सर्वांस ठाऊक आहे. वीज अधिक तर चकती जलद, वीज बंद तर चकती स्थिर. मापकावर एका युनिटास ६०० फेरे असें लिहिलेलें असेल, तर शंभर वॅटच्या दिव्यास मिनिटास एक फेरा पडतो. हा त्रैराशिकाचा हिशेब मी मुलांकडून पुष्कळदां करवून घेतला आहे. एका उन्हाळ्यांत माझें घर दोन महिने बंद होतें, तरी वाचन न झाल्यामुळें बिल सरासरीचें आलें. मापकाचा आंकडा लिहून ठेवण्याची मला संवय असल्यामुळें वही दाखवितां आली, आणि बिल दुरुस्त झालें. ज्याच्यापाशीं वही नव्हती, त्यानें मुकाट्यानें पैसे भरले.

आपल्या प्रांतांत विजेचा मोठा व्यवहार प्रथम मुंबईस झाला. १९०७ सालीं तेथें विजेची ट्राम धांवली, आणि १९१५ सालीं टाटांच्या खोपोलीच्या केंद्रांतून घाटावरच्या पाण्याची वीज गिरण्यांस मिळूं लागली. खेड्यापाड्यांत वीज पसरली ती मुख्यत्वें १९६० सालीं राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावर. परंतु शेतींतील पंपांच्या बाबतींत एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९७० नंतरच्या दशकांत मापक पाहणें सोडून पंपाच्या अश्वशक्तीवर ठोक आकार घेण्याची रीत पडली. सोय दोन्ही पक्षांची झाली. माप मात्र गेलें. शेतीनें किती वीज वापरली, हें तेव्हांपासून बव्हंशी अंदाजानें सांगतात, आणि त्या अंदाजांत गळती व चोरी लपते, असा आक्षेप जाणते लोक घेत आले आहेत. २००३ च्या वीज कायद्यानें दोन वर्षांच्या आंत सर्वांस मापक सक्तीचा केला; तरीही विनामापक पंप राहिलेच. २०२४ सालापासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस वीज मोफत झाली. माझें मत विचाराल, तर फुकटाची वस्तु अधिकच काळजीनें मोजावी. कारण तिचे पैसे कोणीतरी भरतच असतो.

आतां काळाचा मुद्दा. वीज धान्यासारखी कणगींत सहज भरून ठेवतां येत नाहीं. सायंकाळीं सर्वांचे दिवे एकदम लागतात, त्याच वेळीं पंप आणि पिठाची गिरणीही चालली कीं ओढाताण होते. २००५ च्या सुमारास भारनियमनानें आपण सारे गांजलों असतां अक्षय प्रकाश योजना निघाली. गांवानें सायंकाळीं पांच ते रात्रीं अकरापर्यंत पंप व गिरण्या बंद ठेवाव्या. मोबदल्यांत दिव्यांस व पंख्यांस अखंड वीज मिळावी. त्यास यंत्र लागलें नाहीं, गांवाचा शब्द पुरला. ग्राहकानें आपली वेळ सरकविण्याचें इतकें साधें उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं.

कारखान्यांस वेळेप्रमाणें दर लावण्याची पद्धत वीज नियामक आयोगानें पूर्वींच घातली होती. तींत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंतची वीज स्वस्त, आणि सकाळीं नऊ ते बारा महाग. पुढें सौर विजेचा पुरवठा वाढला आणि हिशेब उलटला! २०२५ सालीं घरगुती ग्राहकांस सकाळीं नऊ ते सायंकाळीं पांच या वेळांत युनिटामागें ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. जुनी चकती महिन्याची बेरीज सांगे. कोणत्या घटकेस किती, हें तिला सांगतां येत नसे. नवा मापक तें टिपतो आणि बिनतारी धाडतो. त्यास आगाऊ पैसे भरण्याची अट जोडणार, या भीतीनें विरोध झाला, आणि २०२४ सालीं सामान्य ग्राहकांस तसे प्रीपेड मीटर बसविणार नाहीं, असें सरकारनें जाहीर केलें.

सवलत चांगली आहे. पण नऊ ते पांच आमच्याकडील मजूर बायामाणसें वावरांत असतात आणि घरास कुलूप असतें. त्यांचा दिवा पांचनंतरच लागतो. दिवसाच्या विजेचें खरें गिऱ्हाईक आहे तो शेतपंप. थंडीच्या दिवसांत रात्रपाळीची वीज आली म्हणजे गव्हा-हरभऱ्यास पाणी देण्यासाठीं विंचूकांट्याच्या बांधावरून जाणें काय असतें, हें माझ्या वडील बंधूंस विचारावें. २०१७ सालीं निघालेल्या मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचा हेतु पंपांस दिवसा वीज देणें हाच आहे. ती जेथें पोंचली, तेथें पाण्याची पाळी उजेडांत आली.

राहिला कांट्याचा प्रश्न. नव्या मापकांत चकती नाहीं, म्हणून गिऱ्हाइकास पुनः एडिसनच्या पेटीचा संशय येतो. संशय येण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु आंकडा त्यावरही दिसतो, आणि तो कोणासही वाचतां येतो. ज्यांच्याकडे मापक बदलावयाचा असेल, त्यांनीं जुन्याचा शेवटचा आणि नव्याचा पहिला आंकडा समक्ष उतरवून घ्यावा, तारीख घालावी, आणि बदलणाऱ्याची सही घ्यावी. चार आण्यांची वही पुरत असे. आतां दहा रुपयांस मिळते.