केळीचा पश्चिमप्रवास

एकादशीच्या दिवशीं पुण्याच्या घराघरांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि दाण्याची आमटी होते. हा फराळ परंपरेचा मानला जातो. परंतु त्यांतील बटाटा, भुईमूग, मिरची आणि ज्याच्या कंदांतून येथला साबुदाणा निघतो तो टॅपिओका, हीं सर्व मूळचीं अमेरिकेचीं होत. 'बटाटा' हा शब्दहि कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. त्यांच्या भाषेंत तें रताळ्याचें नांव होतें. पोर्तुगीजांच्या तोंडून तें पश्चिम किनाऱ्यावर उतरलें आणि दुसऱ्याच कंदाला चिकटलें.

त्या बेटांना पूर्वेकडून जें मिळालें, त्यांत केळ अग्रगण्य आहे. केळीची लागवड न्यू गिनींत सुमारें ७,००० वर्षांपूर्वीं होत होती, असें उत्खननांवरून दिसतें. पुढें आशियांतील दुसऱ्या एका रानकेळीशीं संकर होऊन पिठूळ, शिजवून खाण्याच्या जाती निपजल्या. कोंकणांतील राजेळी त्यांपैकींच. वसईचीं सुकेळीं तिच्याच फळांचीं होतात. याच कुळांतील केळी आफ्रिकेंत पोंचून तेथील रोजचें अन्न बनल्या. १५१६ सालीं तोमास दे बेर्लांगा या स्पॅनिश धर्मोपदेशकानें कॅनरी बेटांतून केळीचे मुनवे हिस्पान्योला बेटावर नेले, आणि तेथून ती सर्व कॅरिबियन बेटांत पसरली.

हा प्रसार केवळ चवीमुळें झाला नाहीं. केळीला बीं लागत नाहीं. मुनवा लावला कीं वर्ष-सव्वा वर्षांत घड हातीं येतो. उसाच्या मळेवाल्यांना आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांचीं पोटें स्वस्तांत भरावयाचीं होतीं. त्यांना हें पीक सोयीचें वाटलें. गुलामांनीं मात्र मिळालेल्या तुकड्यावर आपल्या मायभूमीची पाकविद्या चालविली. कांडून, तळून, भाजून त्याच केळ्याचे नाना पदार्थ केले.

१८३४ सालीं ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्यानें संपली आणि मळेवाल्यांची दृष्टि भारताकडे वळली. ३० मे १८४५ रोजीं 'फतेल रझाक' हें जहाज दोनशेंहून अधिक भारतीय मजूर घेऊन त्रिनिदादला लागलें. या गिरमिटाच्या पद्धतीवर सर्वांत ठाम आघात एका पुणेकरानें केला. भारतसेवक समाजाचे संस्थापक गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९१२ मध्यें मध्यवर्ती कायदे-मंडळांत ती पद्धति समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. ठराव फेटाळला गेला. पण १९१७ सालीं मजुरांची ही रवानगी थांबली. तें पाहण्यास गोखले हयात नव्हते. १९१५ सालींच त्यांचें निधन झालें होतें.

प्वेर्तो रिको व डोमिनिकन प्रजासत्ताक येथें केळ्याच्या थरांचा 'पास्तेलोन' हा पोटभरीचा पदार्थ आजहि आवडीनें होतो. पुण्याच्या स्वयंपाकघरांतहि तो साधतो. सालीवर काळे डाग पडलेलीं चार राजेळी केळीं उभीं चिरून थोड्या तेलांत तांबूस तळावींत. मूळ पदार्थांत मध्यें खिमा असतो. शाकाहारी घरीं शिजवून ठेंचलेला राजमा, कांदा, लसूण, टोमॅटो आणि भोपळी मिरची यांचें दाट सारण करावें. तूप लावलेल्या भांड्यांत केळीं, सारण, किसलेलें चीज, पुन्हां केळीं असे थर द्यावे. वरून फेटलेलीं दोन अंडीं, किंवा अंडीं चालत नसल्यास थोडी दाट साय, ओतावी. भट्टींत १८० अंशांवर अर्धा तास भाजावें. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या भांड्यांत, झांकण घालून, मंद आंचेवर ठेवावें.

ताटांत पडलेला हा पदार्थ परका म्हणणें कठीण आहे. त्यांतील राजमा, टोमॅटो आणि मिरची अमेरिकेचीं, तर केळें या बाजूचें. ही देवघेव मात्र मोकळ्या मनाची नव्हती. तिची किंमत मळ्यांत राबलेल्या आफ्रिकी गुलामांनीं, आणि त्यांच्या मागून गेलेल्या भारतीय गिरमिटियांनीं मोजली आहे. चवीबरोबर एवढें स्मरण ताटाशीं राहिलें, तर तो घांस अधिक सार्थ होईल.