पाट्याच्या गाडीचे शॉकअप: आठ सूत्रे, सभाष्य

जुन्या बोलेरोसारख्या, मागे पाटे असलेल्या गाडीचे मागचे शॉकअप घरच्या अंगणात बदलण्यापुरती ही आठ सूत्रे आहेत. गॅरेजच्या बोलीतून ती मीच आखूड केली. कारागीर कामाच्या भरात एवढेच बोलतो, कारण सांगायला थांबत नाही. ते काम भाष्याचे. पुढच्या चाकांना ही सूत्रे लावू नयेत. ज्या गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडात बसवलेले असतात, तिथे दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. तो अधिकार वेगळा, हत्यारेही वेगळी.

१. भार पाट्यावर, उसळी शॉकअपवर.

हे सूत्र पहिले आहे, कारण पुढची बहुतेक यातूनच निघतात. गाडीचे वजन पाटे पेलतात, शॉकअप नाही. खड्ड्यात पाटा दबतो आणि पूर्ववत होताना गाडीला वर फेकतो. ही उसळी मोडायची कशी? नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्यात झडपा आणि बारीक छिद्रे. त्यांतून तेल रेटत नेताना उसळीतली ऊर्जा उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर चालता शॉकअप गरम लागतो तो यामुळे.

पूर्वपक्ष असा: गाडी मागून बसली आहे, म्हणजे शॉकअप गेले. नाही. बसलेली गाडी हा पाट्यांचा दोष. नवे शॉकअप तिला उचलून धरणार नाहीत. या एका गैरसमजापायी किती चांगले शॉकअप भंगारात जात असतील!

दुसरा पूर्वपक्ष जरा वजनदार आहे. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेही उसळी मरते, मग शॉकअप हवेत कशाला? मोटारींच्या पहिल्या काळात बराचसा भरवसा या घर्षणावरच होता. पण घर्षण गंजाने वाढते, ग्रीसने घटते आणि छोट्या हादऱ्याला पाटा हलूच देत नाही. तेलाचा रोध वेगाप्रमाणे बदलतो: हळू हालचालीला मऊ, झटक्याला कडक. १९२८ च्या फोर्ड मॉडेल ए गाडीला पाटे असूनही तेलाचे शॉकअप होते, ते याच कारणाने.

२. दाबून पाहणे प्रमाण नव्हे, तेल प्रमाण.

गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि ती किती वेळा डुलते ते मोजायचे, ही परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. हलक्या मोटारीला ती थोडीफार लागू पडते. पाट्याच्या जड गाडीत वर सांगितलेले घर्षणच डुलणे थांबवते, त्यामुळे मेलेला शॉकअपही पास होतो. खरा पुरावा अंगावरच्या तेलाचा. दट्ट्याच्या दांड्याबरोबर तेलाचा पातळ थर सीलमधून बाहेर येतोच, म्हणून धूळ चिकटलेला ओलसर पट्टा हा दोष नव्हे. नळीवरून ओघळ खाली उतरला असेल तर मात्र सील संपले. पावसाळ्यात चिखल सगळेच झाकतो. तेव्हा पुसावे, काही दिवस गाडी चालवावी आणि मग पाहावे.

टायरवरून तळहात फिरवावा. रबर ठिकठिकाणी खोलगट झिजले असेल तर चाक जमिनीवर टिकत नाही, नाचते आहे. आणि बारीक खड्ड्यात नुसतेच टकटक वाजत असेल, तर आधी टोकांचे रबरी बुश तपासावेत. अनेकदा दोष तेवढाच निघतो.

३. जोडीने बदलावेत.

एक नवा आणि एक थकलेला असला की दोन्ही बाजूंचा रोध सारखा राहत नाही. अधिक भाष्य नको.

४. घोडी ॲक्सलखाली.

पूर्वपक्ष: चॅसी अधिक मजबूत, मग घोडी, म्हणजे टेकूचा स्टँड, चॅसीखालीच का लावू नये? इथे पहिल्या सूत्रातल्या भाराची अनुवृत्ती घ्यावी, म्हणजे तो शब्द इथेही चालू धरावा. चॅसी उचलली की ॲक्सल खाली लोंबते आणि शॉकअप ताणला जातो. मग बोल्ट सहज निघत नाही आणि निघाला की ॲक्सल आणखी खाली येऊन ब्रेकच्या रबरी नळीला ओढ देऊ शकते. पाट्याच्या गाडीत पाटाच ॲक्सलला धरून ठेवतो, म्हणून तिथे हे थोडक्यात निभावते. जुन्या सफारीसारख्या, मागे गुंडाळी स्प्रिंग असलेल्या गाडीत ॲक्सल लोंबती असताना दोन्ही शॉकअप एकदम सोडले, तर स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. एका वेळी एकच बाजू सोडावी, हा नियम त्यातूनच येतो.

आता चाकांना दगड का लावायचे ते पाहू. बोलेरोचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि उचलली आहेत तीच. दोनचाकी ड्राइव्हच्या गाडीत गिअरही मागच्याच चाकांना धरतो. म्हणजे हँडब्रेक ओढून आणि गिअर टाकून निर्धास्त झालेल्या माणसाची गाडी कशानेच धरलेली नसते. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड, सपाट पक्की जमीन आणि जॅकखेरीज घोडी, हे तीन नसतील तर काम सुरूच करू नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, एका नटापुरतेही, जाऊ नये.

यावर एक सूक्ष्म शंका: घोडी ॲक्सलखाली लावून ॲक्सल होती त्याच ठेवणीत राहणार असेल, तर गाडी उचलायचीच कशाला? शंका रास्त आहे. गाडी उंच असेल आणि हात पोचत असेल तर उचलू नये, चाकांवरच उभी ठेवावी. सूत्राचा रोख घोडीवर नाहीच. ॲक्सलने भार धरलेला असावा, एवढाच त्याचा अर्थ.

५. आदल्या दिवशी नट भिजवावा.

गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीला दोनदा मारावे. तरीही नट हटला नाही तर ग्राइंडरने कापावा, पण ज्योत लावू नये: शेजारी रबर आहे आणि बंद नळीत तेल आणि बहुधा दाबाखालचा वायूही आहे.

६. नवा बसवण्याआधी हवा काढावी.

दुहेरी नळीचा शॉकअप दुकानात आडवा पडून असतो, तेव्हा आतल्या नळीत हवा किंवा वायू शिरतो आणि पहिले काही ठोके पोकळ जातात. दांडा वर येईल असा उभा धरून पूर्ण ताणावा, उलटा करून पूर्ण दाबावा, आणि मधली पोकळ जागा जाऊन रोध सलग लागेपर्यंत हेच करावे. अपवाद एकेरी नळीच्या शॉकअपचा, ज्याचा पाया विसाव्या शतकाच्या मध्याला फ्रेंच अभियंता द कार्बों याने घातला. त्यात वायू आणि तेल यांच्यामध्ये तरता दट्ट्या असतो. ती मिसळतच नाहीत. वायूचा शॉकअप पट्टीने बांधून आला असेल तर पट्टी टोके जागेवर बसेपर्यंत कापू नये.

७. दांड्याला पाना लावू नये.

वरचे टोक खिळ्यासारखे असले की नट फिरवताना दांडाही फिरतो, आणि हात आपोआप पाइप पान्याकडे जातो. दांड्याच्या चकचकीत पृष्ठभागावर ओरखडा पडला की तो प्रत्येक हालचालीत सील खरवडतो. मग दुसऱ्या सूत्रातला ओघळ नव्या शॉकअपवर दिसू लागतो. टोकाशी पकडीसाठी चपट भाग दिलेला असतो, तिथेच धरावे. जुन्याला हा निषेध नाही. तो जाणारच आहे, हवा तसा पकडावा.

८. शेवटचा पीळ भार आल्यावर.

टोक कडीचे असेल तर आत रबर आणि रबरात लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की ती नळी जखडते, आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळण्यावर चालते. ॲक्सल लोंबती असताना आवळले तर गाडी उभी असतानाही रबर पिळलेलेच राहते, आणि लवकर फाटते.

इथे कोणी म्हणेल, चौथे सूत्र पाळले तर ॲक्सलवर भार आधीच आहे, मग हे सूत्र व्यर्थ. पण व्याकरणातली रीत अशी की व्यर्थ वाटणारे सूत्र काहीतरी सुचवते. त्याला ज्ञापक म्हणतात. हे सूत्र सुचवते की चौथे नेहमी तंतोतंत पाळले जात नाही. भोक जुळेना म्हणून जॅक थोडा वर-खाली होतो, बोल्ट घाईत ओढला जातो, आणि ठेवण बदललेली कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तेव्हा बोल्ट हातानेच बसवावा, गाडी चाकांवर उतरवावी आणि मग गाडीच्या पुस्तकातल्या मापाने आवळावा.

खिळ्याच्या टोकाला हा नियम लागत नाही. तिथे रबर वायसरच्या कडेइतके फुगले की थांबावे. अजून एक फेरी म्हणून दाबले की ते चिरते. आणि रबर सहज सरकावे म्हणून डिझेल किंवा ग्रीस लावायची जी पद्धत दिसते, ती सोडून द्यावी. साधे रबर त्याने फुगून मऊ पडते. साबणाचे पाणी पुरते.