रस्त्यावरची पद्मिनी गेली, टेबलावर कशी आणायची? प्लास्टिकच्या मॉडेल गाड्या जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे तंत्र

शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव आरटीओमध्ये नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सी २० वर्षांपर्यंतच चालवता येते. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सोशल मीडियावर फोटोंचा पूर आला. पण अनेकांच्या घरी पद्मिनी अजूनही आहे. माळ्यावरच्या खोक्यात, एक चाक तुटलेली, रंग उडालेली, खेळण्यातली!

ती नीट करता येईल का? नवे मॉडेल जोडायचे असेल तर सुरुवात कुठून करायची? ठाणे किंवा डोंबिवलीच्या वन-बीएचकेमध्ये हा छंद जमतो का? समजून घेऊ.

स्केल मॉडेल आणि खेळणे यात फरक काय?

खेळणे गाडीसारखे दिसते. स्केल मॉडेल मापाने गाडीच असते. १:२४ असे लिहिले असेल तर मॉडेलचा १ सेंटीमीटर म्हणजे खऱ्या गाडीचे २४ सेंटीमीटर.

पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, २,३४० मिलिमीटर. १:२४ मध्ये ते ९७.५ मिलिमीटर भरते. तुमच्या घरातल्या टॅक्सीचे माप पट्टीने घ्या आणि २,३४० ला त्या आकड्याने भागा. ७३ मिलिमीटर आले तर ती साधारण १:३२ ची आहे. मग छताची उंची आणि रुंदीही त्याच प्रमाणात आहे का ते पाहा. खेळण्यांमध्ये चाके बहुतेकदा मोठी आणि गाडी जरा गुटगुटीत असते.

ही प्रमाणे कुठून आली? १:२४ मध्ये खरी १ फूट लांबी बरोबर अर्ध्या इंचात बसते, म्हणून ते सोयीचे. १:४३ हे प्रमाण युरोपातल्या 'ओ गेज' खेळण्यातल्या रेल्वेवरून आले. प्लास्टिक किटमध्ये १:२४ आणि १:२५ ही मापे जास्त चालतात, तर धातूच्या छोट्या गाड्यांमध्ये १:६४ आणि १:४३.

हा छंद सुरू कसा झाला?

यामागे गाडी विकणाऱ्यांचा हात आहे. अमेरिकेत १९४८ मध्ये 'एएमटी' ही कंपनी सुरू झाली. नव्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती बनवून त्या शोरूमना पुरवणे हे तिचे सुरुवातीचे काम. पहिल्या गाड्या ॲल्युमिनियमच्या होत्या. नावातला पहिला 'ए' तिथूनच आला. पुढे प्लास्टिक आले, आणि १९५८ पासून कंपनीने सुट्या भागांचे 'थ्री इन वन' किट विकायला सुरुवात केली. एकाच खोक्यातून तीन प्रकारे गाडी जोडता यायची. रेव्हेल कंपनीनेही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या मोटारींचे छोटे किट बाजारात आणले होते.

जपानच्या शिझुओका शहरातली 'तामिया' मुळात लाकडाचा व्यवसाय करणारी कंपनी. ती लाकडी मॉडेल बनवू लागली आणि १९६० मध्ये प्लास्टिककडे वळली. भाग एकमेकांत चपखल बसणे ही तिची ओळख, म्हणून नवशिक्यांना आजही तिचेच नाव आधी सुचवले जाते.

किट जोडतात म्हणजे नेमके काय करतात?

खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात. गरम प्लास्टिक साच्यात दाबून भरताना ते ज्या वाटांनी आत जाते, त्या वाटाच भागांना धरून राहतात. याला स्प्रू म्हणतात. भाग त्यावरून कापायचे, कडा घासायच्या, जोडायचे, रंगवायचे. सोबत काचा, रबरी टायर, चकचकीत मुलामा दिलेले बंपर आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे, म्हणजे डीकल, असतात.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोंद. मॉडेल सिमेंट हा नेहमीच्या अर्थाने गोंद नाही. बहुतेक किट पॉलिस्टायरीनचे असतात. सिमेंट त्याचा पृष्ठभाग विरघळवते, दोन्ही भाग एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. त्यामुळे तो मजबूत असतो, पण चूक झाली तर उलगडणे कठीण. म्हणून आधी भाग कोरडेच जुळवून पाहायचे, मग सिमेंट.

फेविक्विकसारखा गोंद वेगळ्या तत्त्वावर चालतो. तो हवेतल्या दमटपणामुळे घट्ट होतो आणि धातू किंवा रेझिन जोडायला चांगला. पण काचेजवळ वापरला तर त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. खिडक्यांसाठी साधा पांढरा फेविकॉल बरा. तो सुकल्यावर पारदर्शक होतो.

रंगाचे एक गणित लक्षात ठेवा. १:२४ च्या गाडीवर ०.१ मिलिमीटर रंग चढला, तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने तो २.४ मिलिमीटर जाड थर झाला. दरवाजांच्या फटी बुजतात, अक्षरे पुसट होतात आणि मॉडेल पुन्हा खेळणे दिसू लागते. म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा तीन-चार पातळ हात द्यायचे.

आपल्याकडे किट इतके महाग का पडते?

सीमाशुल्काच्या वर्गीकरणात खेळणी आणि 'छोट्या आकाराची स्केल मॉडेल्स' एकाच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये येतात. त्यामुळे ४० वर्षांचा माणूस मॉडेल मागवतो तेव्हाही कागदोपत्री ते खेळण्यांच्याच रांगेत बसते. देशी उद्योगाला चालना म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० वरून ६० टक्के करण्यात आले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ७० टक्क्यांवर गेले. जीएसटी आणि कुरिअरचा खर्च वेगळा. परदेशी संकेतस्थळावरची किंमत पाहून खूश होण्याआधी सध्याचा दर तपासा आणि घरपोच किंमत किती पडेल ते मोजा.

पहिल्याच वेळी महागडे किट घेऊ नका. हात बसेपर्यंत घरातले जुने खेळणे हीच उत्तम शाळा.

कल्याणशी पद्मिनीचा काय संबंध?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या निघू लागल्या. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १,०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा हँड गिअर आणि पुढेही बाकासारखी सलग सीट. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले.

याच कंपनीचा दुसरा कारखाना कल्याणजवळ होता. १९९० च्या दशकात तिथे फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत प्यूजो ३०९ तयार होत असे. ती भागीदारी काही वर्षांतच संपली. म्हणजे आपल्याच परिसरात मोटारी बनत होत्या, हे आज इथल्या अनेक तरुणांना माहीतही नसते.

परदेशी स्पोर्ट्स कारचे किट सहज मिळतात. पद्मिनी मात्र दुकानातल्या नेहमीच्या किटमध्ये दिसत नाही. मिळते ती पुल-बॅक खेळण्यातली टॅक्सी. म्हणून तेच खेळणे उघडून, घासून, रंगवून मॉडेल करणे किंवा थ्रीडी प्रिंट करून घेणे, हा सोपा मार्ग उरतो.

खेळण्याचे मॉडेल कसे करायचे?

१. आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, पट्टी शेजारी ठेवून. नंतर काय कुठे होते ते आठवत नाही.

२. गाडी उघडा. खाली बहुतेकदा स्क्रू असतात. सुटे भाग इडलीपात्राच्या खळग्यांत किंवा गोळ्यांच्या डबीत ठेवा. पात्र मात्र स्वयंपाकघरातून कायमचे बाद झालेले हवे.

३. प्लास्टिक ओळखा. तुटका तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर ते पॉलिप्रोपिलीनसारखे प्लास्टिक. त्याला सिमेंट चिकटत नाही आणि रंगही नीट धरत नाही. बुडाला तर पॉलिस्टायरीन किंवा एबीएस असू शकते. तरी आतल्या बाजूला सिमेंटचा एक थेंब लावून खात्री करा.

४. जुना रंग काढा. मेडिकल दुकानात किंवा मोबाइल दुरुस्तीच्या सामानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल यासाठी बरे. झाकणाच्या डब्यात भाग भिजवायचे आणि जुन्या टूथब्रशने घासायचे. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातल्या ॲसिटोनने गाडीच विरघळेल. काही जण ब्रेक ऑइल वापरतात. ते रंग काढते, पण विषारी असते. हातमोजे हवेतच, आणि उरलेले बेसिनमध्ये ओतायचे नाही.

५. फटी आणि खड्डे भरा. गॅरेजमध्ये ज्याला 'लांबी' म्हणतात तीच पुटी पातळ लावा. सुकल्यावर वॉटर पेपरने, पाणी लावून घासा. आधी ४०० नंबर, मग ८००, मग १,०००.

६. प्रायमर मारा. राखाडी प्रायमर चढला की लपलेले ओरखडे दिसतात. ते पुन्हा घासायचे. इथे कंटाळा केला तर शेवटच्या चकाकीत तो दिसतो.

७. आधी पिवळे छत, मग काळे अंग. फिका रंग आधी आणि गडद नंतर हा नियम. छत पूर्ण सुकल्यावर त्यावर मास्किंग टेप लावा आणि काळा रंग द्या. उलट केले तर काळ्यावर पिवळा चढवताना थरावर थर द्यावे लागतात.

८. बारकावे शेवटी. छतावरचे कॅरिअर तांब्याच्या तारेतून होते. जुन्या टॅक्सीचा मीटर बाहेर, डाव्या बाजूला असायचा. नंबरप्लेट पिवळी, अक्षरे काळी. घरच्या गाडीचे मॉडेल असेल तर प्लेट पांढरी आणि त्यावर ठाण्याचा एमएच ०४ किंवा कल्याणचा एमएच ०५.

जुने किट सापडले तर?

दुखणी वेगळी असतात, उपायही.

चाकांचा भाग वितळल्यासारखा दिसला तर दोष उन्हाचा नाही. टायर मऊ राहावा म्हणून त्यात घातलेले रसायन वर्षानुवर्षे झिरपते आणि टेकलेले पॉलिस्टायरीन खाते. टायर काढून वेगळ्या पिशवीत ठेवणे हा उपाय, तोही आधी केला तरच.

जुना सांधा सोडवायचा असेल तर मॉडेल काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. गोंद ठिसूळ होतो आणि हलक्या हाताने पिळले तर पुष्कळदा सुटतो. वाकलेले अंग उकळत्या नव्हे, तर सोसवेल त्याहून जरा जास्त गरम पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करता येते. पिवळ्या पडलेल्या डीकलचा कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन द्या. पिवळेपणा कमी होतो. मात्र लावण्याआधी त्यावर क्लिअर कोट मारा, नाहीतर पाण्यात पडताच तुकडे होतात.

पावसाळ्यात आणि फ्लॅटमध्ये काय काळजी घ्यायची?

जून ते सप्टेंबर रंगकामाला सुट्टी दिलेली बरी. दमट हवेत लॅकर स्प्रे मारला तर उडणारा थिनर पृष्ठभाग गार करतो, हवेतले बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढरी झाक येते. या महिन्यांत कापणे, घासणे, जुळवणे करा. रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. डीकल आणि खोके सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा, बुरशी लागत नाही.

स्प्रे मारताना खिडक्या उघड्या हव्यात आणि तोंडावर रसायनांच्या वाफेसाठी असलेला मास्क हवा. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. घरात गॅस, समई किंवा उदबत्ती पेटलेली असेल तर स्प्रेचा डबा हातात घेऊ नका. थिनरची वाफ पेट घेते. बाल्कनीत रंगवत असाल तर आधी खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना, ते पाहा. ब्लेड आणि सिमेंट लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी.

सगळेच नवे करायला हवे का?

नाही. रंग काढण्यापूर्वी एकदा थांबा, कारण काढलेला मूळ रंग परत येत नाही. वडिलांनी ब्रशने रंगवलेले दार ओबडधोबड असेल, पण ते त्यांचे आहे. अशा वेळी फक्त धूळ काढायची, सुटलेले भाग बसवायचे आणि मोडणे थांबवायचे. हीसुद्धा दुरुस्तीच. चकाचक मॉडेल हवे असेल तर त्यासाठी दुसरे खेळणे घ्या.

आणि एक काम आजच करण्यासारखे आहे. तुमच्या सोसायटीत, गॅरेजमागे किंवा ओळखीच्या घरी एखादी पद्मिनी उभी असेल, तर मालकाला विचारून तिची मापे घ्या. बंपरची उंची, दिव्यांमधले अंतर, खिडकीचा उतार, डॅशबोर्डवरची बटणे. प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू द्या. परदेशी गाड्यांची अशी मापे किटच्या खोक्यातच मिळतात. आपल्या गाडीची मापे आपणच घ्यायची आहेत, आणि तीही गाडी भंगारात जाण्याआधी.