पगाराची तारीख आणि उधारीची वही

भुसावळचा इतिहास म्हटलं की आपण इंजिनं, लोको शेड आणि इंग्रज साहेबांपाशीच थांबतो. या रेल्वेगावाच्या चुली कशावर पेटायच्या, हे कोणी विचारत नाही. किराणा दुकानाच्या उधारीवर!

१८६५ ला थळ घाट खुला झाला, १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडलं गेलं. तापीकाठचं आपलं छोटं गाव या दोन वाटांच्या फाट्यावर आलं. फायरमन, फिटर, गँगमन, हमाल बाहेरून आले. शेतकऱ्याच्या घरात निदान कणगी तरी असते. यांच्याकडे ना शेत, ना कणगी. पीठ-मीठ सगळं दुकानातून, तेही पगाराच्या भरवशावर.

दुकान दोन कागदांवर चालायचं. एक बिल्टी. ती दाखवून मालधक्क्यावरून पोती सोडवायची, उशीर झाला की डॅमरेज भरायचं. दुसरी उधारीची लाल वही. महिनाभर मांडायचं, पगाराला फेडून घ्यायचं. घाऊक व्यापारी मात्र गिऱ्हाइकाच्या पगारासाठी थांबत नसे.

आता दुकानदार काही संत नव्हता. अशाच वह्यांमुळे शेतकरी पिचला होता. अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर कापसाचा भाव पडला, कर्जाचा आकडा मात्र फुगत गेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांची कागदपत्रं जाळली. १८७९ ला सरकारला कायदा करावा लागला.

मग रेल्वेगावात वेगळं काय होतं? पगाराला तारीख होती. शेतकऱ्याची तारीख पावसाच्या हातात. पण पगार थांबला की इथलंही गणित कोलमडायचं. १९३० च्या जी.आय.पी. रेल्वे संपासारख्या काळात दुकानदाराची कोंडी बघा: माल द्यावा तर भांडवल संपतं, न द्यावा तर गिऱ्हाईकही जातं आणि मागची उधारीही बुडते.

गाड्यांची नोंद रेल्वेच्या दप्तरात सापडेल. कोणत्या महिन्यात कोणत्या घरात साखर यायची बंद झाली, ते फक्त वहीत सापडेल. दिवाळीला आपण नवी वही पुजतो आणि जुनी रद्दीत घालतो.

मंडळी, कोणाच्या माळ्यावर आजोबांच्या दुकानाच्या वह्या असतील तर किलोवर विकू नका. उधारी घेणाऱ्यांची नावं झाका, पण पानांचे फोटो काढून ठेवा. आपल्या गावाचा अर्धा इतिहास त्यात आहे.