जुनी फियाट पारखताना

इटालियन मोटार म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती लालभडक, बसकी, दोन दारांची गाडी. आपल्या वाट्याला आलेली इटालियन सुंदरी मात्र चार दारांची, संसारी होती. तुरीनच्या फियाट कंपनीनं १९५३ साली आपली ‘११००’ नव्या रूपात आणली. पुढच्याच वर्षी प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती भारतीय रस्त्यांवर आली. त्या पहिल्या गोलमटोल गाडीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. नाव जरा अन्यायाचंच! पुढं तिचा घाट बदलला, १९७४च्या सुमारास ती ‘पद्मिनी’ झाली, पण इंजिन तेच १०८९ सीसीचं. इटलीत ‘११००’ १९६९मध्ये बंद झाली. आपल्याकडं ती शतक सरेपर्यंत निघत राहिली.

परवाना राज्याच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. त्यामुळं वापरलेली गाडी नव्याच्या भावानं, कधी त्याहून चढ्या भावानं जाई. आयुष्याची पुंजी लावून जुनी गाडी घेणारा माणूस साहजिकच ओळखीचा मेकॅनिक सोबत नेई.

तो जाणकार इंजिनाच्या आवाजावर भाळत नसे. निळा धूर निघाला तर रिंगा बदलता येतात. स्टिअरिंगपाशी असलेला गिअरचा दांडा ढिला असेल तर बुश नवे बसतात. पण फियाटला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडं. म्हणून तो आधी पायाखालचं मॅटिंग उचली, दाराखालची पट्टी बोटानं ठोकून बघे, कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवी. चुंबक सुटलं की समजायचं, रंगाखाली लांबी भरलेली आहे. शेवटी जॅक लावून गाडी उचलायची आणि दार लावून बघायचं. दार अडलं तर सौदा तिथंच मोडायचा.

आमच्या वालीवच्या गाळ्यांतून पत्रा कापणारे, वेल्डिंग करणारे हात भरपूर आहेत. तरी वसईच्या किनाऱ्याकडं, खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी घेताना ही परीक्षा दुप्पट कडक हवी. ठिगळ चांगलं बसतं, पण ठिगळ लावायला भोवतीचा पत्रा तरी शाबूत पाहिजे ना!

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३मध्ये ती रस्त्यावरून उतरली. आता घेणारे आहेत ते हौशी. त्यांनी चुंबकाआधी आरसी बुक मागावं, इंजिन आणि चासीचे नंबर स्वतः ताडून पाहावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढं ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. ती वाढवलेली नसेल, तर तो खर्च आणि खेपा किमतीतून वजा करूनच बोली लावावी.